सिगारेटवरून निकोटिन गम-पॅचवर कसं यायचं आणि तलफ कशी सांभाळायची

निकोटिन गम आणून दोन दिवसांत "याने काही होत नाही" म्हणत पाकीट कपाटात टाकणारे खूप लोक भेटतात, आणि त्यांना नीट विचारलं की कसा चावला, कधी घेतला, दिवसात किती घेतले, तर जवळजवळ प्रत्येक वेळी तीच तीन उत्तरं येतात. साध्या च्युइंगमसारखा भराभर चावला. तलफ पार डोक्यात गेल्यावर तोंडात टाकला. आणि दिवसाला दोन-तीनच घेतले, कारण जास्त घेतले तर त्याचीच सवय लागेल अशी भीती. या तिन्ही गोष्टी केल्या की गम काम करूच शकत नाही, मग माणूस म्हणतो माझ्यात जिद्द नाही आणि परत सिगारेटचं पाकीट घेऊन येतो. हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण जिद्द भरपूर असते, पद्धत कोणी सांगितलेलीच नसते.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मग पुढचं सगळं सोपं जाईल. इथे दोन वेगवेगळी कामं आहेत, एक धूर सोडणं आणि दुसरं निकोटिन सोडणं, आणि ती एकदम करायची नाहीत. कॅन्सर, फुप्फुसं, हृदयाच्या रक्तवाहिन्या यांची वाट लावतो तो मुख्यतः धूर. त्यात हजारो रसायनं असतात, त्यातली सत्तरएक कॅन्सर करणारी, वर टार आणि कार्बन मोनॉक्साइड. निकोटिन व्यसन लावतं, म्हणजे ते निरुपद्रवी आहे असं नाही, पण त्याचा हिशोब दोन-तीन महिन्यांनी करता येतो. म्हणून पहिले काही आठवडे शरीराला निकोटिन पुरेसं द्यायचं, फक्त धुराशिवाय.

व्हेपबद्दल, म्हणजे ई-सिगारेटबद्दल, आधीच सांगतो, कारण हा प्रश्न येतोच. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं बंद आहे, तर ब्रिटनमध्ये तिथली सरकारी आरोग्यसेवाच सिगारेट सोडायला व्हेपचा पर्याय देते. मी इथे गम आणि पॅच (कातडीवर चिकटवायची निकोटिनची पट्टी) धरून लिहितोय कारण त्यात डोस नक्की माहीत असतो आणि मोजून कमी करता येतो. ज्या देशात व्हेप कायदेशीर आहे तिथे राहून तुम्ही त्यावर आला असाल, तर खालचे टप्पे १, ३, ६, ७ आणि ८ तुम्हालाही लागू आहेत, आणि तुमच्यासाठी सगळ्यात मोठी चूक म्हणजे व्हेपही चालू आणि सिगारेटही चालू. महिनोन्‌महिने दोन्ही चालू राहिलं तर धुराचा धोका बराचसा तसाच राहतो.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना कोणी विचारायचं

नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलाय, छातीत वारंवार दुखतं, हृदयाचे ठोके अनियमित आहेत, बीपी आटोक्यात नाही, पोटात अल्सर आहे, गरोदर आहात किंवा बाळाला अंगावर पाजताय, वय १८ पेक्षा कमी आहे, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग गम. याचा अर्थ तुम्हाला गम-पॅच चालणारच नाही असा नाही, बऱ्याच वेळा डॉक्टर देतातही कारण सिगारेट त्याहून वाईट असते, पण ते त्यांनी ठरवायचं.

आणि ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. धुरातल्या टारमुळे यकृत काही औषधं नेहमीपेक्षा वेगाने मोडतं, धूर थांबला की तो वेग उतरतो आणि त्याच गोळीचा असर वाढतो. क्लोझापिन, ओलान्झापिन (मानसिक आजारावरची), थिओफिलिन (दम्यावरचं) ही त्यातली महत्त्वाची, वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं) चालू असेल तरी डॉक्टरांना सांगून ठेवा. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, त्यामुळे गम घेत असलात तरी तो होणारच. डायबेटिस असेल तर पहिले काही आठवडे साखर जास्त वेळा तपासा, सिगारेट सुटल्यावर इन्सुलिनची गरज बदलू शकते.

टप्पा १: आठवडाभर फक्त नोंद

या आठवड्यात एकही सिगारेट कमी करायची नाही. फक्त प्रत्येक सिगारेट पेटवण्याआधी मोबाईलमध्ये एक ओळ लिहायची: किती वाजता, काय करत होतो, गरज किती होती (१ ते ५). पेटवण्याआधी म्हणतोय, नंतर नाही, कारण ओढून झाल्यावर प्रत्येक सिगारेट गरजेची होती असंच वाटतं.

आठवड्याच्या शेवटी यातून तीन गोष्टी काढा. एक, सकाळी उठल्यापासून पहिली सिगारेट किती मिनिटांत लागते. दोन, दिवसाची खरी संख्या (बहुतेकांची सांगायची संख्या आणि लिहिलेली संख्या वेगळी निघते). तीन, ५ गुणांच्या सिगारेटी कुठल्या वेळी येतात आणि १-२ गुणांच्या कुठल्या. ५ वाल्या शरीर मागतंय, १-२ वाल्या हात मागतोय, म्हणजे फोन आला, जेवण झालं, मीटिंग संपली, कोणीतरी बाहेर निघालं. पहिल्या प्रकाराला निकोटिन लागतं, दुसऱ्याला वेळापत्रक बदलावं लागतं, आणि दोन्हीवर गमच चावत बसलात तर दुसऱ्या प्रकारात तुम्हाला वाटणार गम चालत नाहीये.

तपासा: नोंदीत निदान दोन सुट्टीचे दिवस आलेत ना? सुट्टीचा पॅटर्न वेगळा असतो आणि घसरायला तोच कारण होतो.

टप्पा २: डोस ठरवणं

गम आणि चघळायच्या गोळ्या (लॉझेंज) २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये येतात. उठल्यावर ३० मिनिटांच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅम, त्याहून उशिरा लागत असेल तर २. दिवसाला किती ओढता त्यापेक्षा हा सकाळचा वेळ जास्त खरं सांगतो, कारण रात्रभरात निकोटिन उतरल्यावर शरीर किती कासावीस होतं ते त्यात दिसतं. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दर दोन तासांनी निम्म्यावर येतं, म्हणजे सकाळपर्यंत टाकी जवळजवळ रिकामी.

पॅच २४ तासांचे असतील तर २१, १४ आणि ७ मिलिग्रॅम असे येतात. दिवसाला १० पेक्षा जास्त सिगारेट ओढणाऱ्याने २१ पासून सुरू करायचं, १० किंवा कमी असतील तर १४ पासून.

आता दोन्ही एकत्र घ्यायचे की एकच? दिवसाला १० च्या वर असाल किंवा आधी एकदा नुसत्या गमवर प्रयत्न फसला असेल, तर माझं स्पष्ट मत पॅच आणि गम दोन्ही. पॅच दिवसभर एकसारखी पातळी ठेवतो, गम मधल्या उसळीसाठी. दोन्ही मिळून एकट्या पॅच किंवा एकट्या गमपेक्षा जास्त यश देतात हे मोठ्या अभ्यासांमधून चांगलं सिद्ध झालेलं आहे, तरी लोक "डबल निकोटिन" म्हणून घाबरतात. सिगारेटमधून निकोटिन काही सेकंदांत मेंदूत जाऊन आदळतं, गम आणि पॅचमधून ते फार सावकाश आणि कमी चढतं. दोन्ही घेताना डोस मात्र एकदा डॉक्टर किंवा फार्मसिस्टकडून बघून घ्या.

निकोटिन नसलेल्या, गिळायच्या गोळ्यांचाही पर्याय आहे. व्हॅरेनिक्लिन साधारणपणे सोडायच्या तारखेच्या एक आठवडा आधी सुरू करतात, ब्युप्रोपियॉन एक-दोन आठवडे आधी, आणि फिट येण्याचा इतिहास असेल तर ब्युप्रोपियॉन देत नाहीत. ही दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची औषधं नाहीत.

सावधान: कवळी आहे, दाढा दुखतात किंवा जबड्याचा त्रास आहे तर गमऐवजी लॉझेंज घ्या. ती चावायची नाही, गालात ठेवून २०-३० मिनिटं हळूहळू विरघळू द्यायची आणि मध्येमध्ये दुसऱ्या गालात सरकवायची.

टप्पा ३: तारीख आणि घराची तयारी

तारीख पुढच्या दोन आठवड्यांतली निवडा, त्याच्या पुढची नको, लांबची तारीख विसरायलाच असते. प्रवास, लग्न, परीक्षा, ऑफिसची डेडलाईन अंगावर असेल असा दिवस टाळा, पण "टेन्शन संपल्यावर सोडतो" हेही नको कारण टेन्शन कोणाचंच संपत नाही.

ठरलेल्या दिवशी एकदम थांबायचं. हळूहळू कमी करत नेणाऱ्यांपैकी काहींना जमतं, नाही असं नाही, पण बहुतेक वेळा काय होतं की २० च्या ८ झाल्या तरी त्या ८ मधून माणूस खोल आणि जास्त झुरके घेऊन निकोटिन भरून काढतो, आणि उरलेली प्रत्येक सिगारेट आधीपेक्षा जास्त मौल्यवान वाटायला लागते.

आदल्या दिवशी करायची कामं, याच क्रमाने करा:

१. गम आणि पॅच आधी हातात येऊ द्या. सामान नसताना पाकीट फेकलं की रात्री अकराला काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

२. मग सिगारेटी, लाईटर, काडेपेट्या, ॲशट्रे सगळं काढा. गाडीचा कप्पा, जुन्या जॅकेटचे खिसे, ऑफिसचा ड्रॉवर, बाल्कनीतली कुंडी जिथे थोटकं खोचली जातात. "इमर्जन्सीसाठी एक" ठेवायची नाही, त्या एकीचा विचार तुम्ही दिवसभर करणार.

३. गम तीन ठिकाणी ठेवा: उशाशी, रोजच्या बॅगेत, कामाच्या टेबलावर. तलफ उठली आणि गम दुसऱ्या खोलीत असला तरी उशीर होतो.

४. घरच्यांना आणि ज्यांच्याबरोबर ओढता त्यांना एका वाक्यात सांगा: "उद्यापासून बंद, मला देऊ नका, मी मागितली तरी." शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे.

५. चहा-कॉफी निम्म्यावर आणायचं ठरवा. वर औषधांबद्दल जे सांगितलं तेच कॅफिनलाही लागू होतं, धूर थांबला की कॅफिन शरीरात जास्त वेळ राहतं आणि तेवढेच कप पिऊन हात थरथरणं, धडधड, झोप न लागणं सुरू होतं. लोक हे सगळं सिगारेटची तलफ समजतात किंवा गमच्या नावावर टाकतात. निम्मं करून बघा, बऱ्याच जणांचा अर्धा त्रास इथेच जातो.

तपासा: लहान मुलं किंवा पाळीव प्राणी घरात असतील तर गम-पॅच कुलपात किंवा उंचावर. वापरलेल्या गममध्ये आणि काढलेल्या पॅचमध्येही निकोटिन उरलेलं असतं आणि लहान जिवाला तेवढं विषारी ठरू शकतं.

टप्पा ४: पहिल्या सकाळी पॅच

उठल्या उठल्या पॅच, बाकी काही करायच्या आधी. दंडाचा वरचा भाग, छाती किंवा पाठ, जिथे केस कमी आहेत, कातडी कोरडी आहे आणि जखम नाही अशी जागा. त्या जागी क्रीम, तेल, पावडर काही नको, नाहीतर तो दुपारपर्यंत सुटून येतो. तळहाताने साधारण १० सेकंद दाबून धरा आणि हात धुवा, निकोटिन लागलेलं बोट डोळ्यात गेलं तर चांगलंच झोंबतं.

दुसऱ्या दिवशी नवीन जागा. तीच जागा आठवडाभर परत वापरायची नाही. पहिला तासभर थोडं खाजणं, हुळहुळणं चालतं, पण पुरळ उठलं, सूज आली किंवा लाली चार दिवसांनीही जात नसेल तर पॅच बंद करून डॉक्टरांना दाखवा.

पॅच कापायचा नाही. त्यावर गरम पाण्याची पिशवी किंवा हीटिंग पॅड ठेवायचं नाही, उष्णतेने निकोटिन जास्त वेगाने आत जातं. आंघोळ चालते. एमआरआय करायचा असेल तर काढून ठेवा, काही पॅचच्या मागे धातूचा पातळ थर असतो. काढलेला पॅच चिकट बाजू आत करून दुमडायचा आणि मगच टाकायचा.

रात्री विचित्र, खूप स्पष्ट स्वप्नं पडत असतील किंवा झोपच लागत नसेल तर झोपताना पॅच काढा, सकाळी नवा लावा. मग सकाळी टाकी रिकामी असते आणि पॅचला पातळी वर आणायला काही तास लागतात, म्हणून अशा लोकांनी पॅच लावल्याबरोबर एक गमही घ्यायचा. ही जोडी न केल्यामुळे सकाळी नऊ-दहाच्या सुमारास घसरणारे बरेच असतात.

टप्पा ५: गम चावायची पद्धत

इथे सगळ्यात जास्त चुकतं म्हणून इथे जास्त थांबतो.

निकोटिन या गममधून तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवं, गालाच्या आतून. गिळलं गेलं तर त्यातलं बरंचसं यकृतातच मोडतं, मेंदूपर्यंत फारसं काही पोचत नाही, आणि पोटात व घशात मात्र जळजळ, उचक्या, मळमळ. च्युइंगमसारखा चावला की नेमकं हेच होतं, भसकन सगळं बाहेर येतं आणि थुंकीबरोबर पोटात.

१. गम घेण्याआधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही, पाणी सोडून. कॉफी, ज्यूस, कोल्ड्रिंक याने तोंड आम्लधर्मी होतं आणि त्या अवस्थेत निकोटिन गालातून आत फारसं जात नाही. कॉफीबरोबर गम घेणं म्हणजे गम फुकट घालवणं. कॉफी झाली असेल तर चूळ भरा, थोडं थांबा, मग घ्या.

२. हळू चावा. अगदी हळू, मोजून मोजून, जोपर्यंत तिखटसर चव किंवा हिरडीला मुंग्या आल्यासारखं वाटत नाही.

३. ते जाणवलं की थांबा. गम गाल आणि हिरडीच्या मध्ये सरकवून ठेवा. चावू नका, जिभेने खेळू नका.

४. मुंग्या गेल्या की (साधारण एक मिनिट) परत दोन-चार वेळा चावा, परत तिखट लागलं की यावेळी दुसऱ्या बाजूला ठेवा.

५. असं सुमारे ३० मिनिटं, चावून तिखटपणा यायचा बंद होईपर्यंत. मग कागदात गुंडाळून टाका.

तीस मिनिटांत गम तोंडात बहुतेक वेळ नुसता पडून असायला हवा. तुमचा जबडा दुखत असेल तर तुम्ही जास्त चावताय, एवढं साधं आहे.

किती घ्यायचे? नुसता गम वापरत असाल तर पहिले ६ आठवडे दर एक ते दोन तासांनी एक, तलफ असो वा नसो, घड्याळ लावून, म्हणजे दिवसाला निदान ९ तरी. बऱ्याच पाकिटांवर २४ तासांत जास्तीत जास्त २४ असं लिहिलेलं असतं, काहींवर ४ मिलिग्रॅमसाठी त्याहून कमी आकडा असतो, तुमच्या पाकिटावर जे आहे ते पाळा. पॅचबरोबर घेत असाल तर एवढे लागत नाहीत, तेव्हा २ मिलिग्रॅमचे, अडचणीच्या वेळांच्या थोडं आधी.

"थोडं आधी" वर जोर का देतोय तर गमचं निकोटिन रक्तात नीट चढायला २०-३० मिनिटं लागतात. सिगारेटच्या झुरक्याशी तुलना करत बसलात तर निराशाच होणार. जेवणानंतरची सिगारेट ही तुमची ५ गुणांची असेल तर जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी गम घेऊन संपवा, मग जेवा. टप्पा १ ची नोंद इथे कामाला येते, ती नोंद समोर ठेवून गमच्या वेळा मोबाईलच्या अलार्ममध्ये टाका.

सावधान: एका वेळी एकच गम. दोन एकत्र किंवा एकामागोमाग सलग घेऊ नका.

टप्पा ६: तलफ आलीच तर ती दहा मिनिटं

पॅच लावलाय, गम वेळेवर घेतोय, तरी तलफ येणार. एक तलफ साधारण काही मिनिटं टिकते, वर चढते आणि तुम्ही काहीच केलं नाही तरी उतरते. लोकांना वाटतं ती ओढेपर्यंत वाढतच जाईल, कारण आजवर कधी ती उतरेपर्यंत थांबूनच बघितलेलं नसतं.

तलफ आल्यावरचा क्रम असा ठेवा. आधी जागा सोडा, बसले असाल तर उठा, बाल्कनीत असाल तर आत या, ज्या खुर्चीत ओढायचात तिथून दूर. मग घड्याळ बघा आणि १० मिनिटांचा टायमर लावा. गमची वेळ झालेली असेल तर गम घ्या. मग हाताला आणि तोंडाला काम, पाणी घोट घोट प्यायचं (हे गमबरोबर चालतं), भांडी घासा, जिना चढा-उतरा. जोरात पाच-दहा मिनिटं चालल्याने तलफ खरंच कमी होते, हे करून बघण्यासारखं आहे. लांब श्वास घ्या, चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. सिगारेटमध्ये अर्धी मजा त्या लांब श्वासाची आणि पाच मिनिटं कामातून सुटण्याची असते, ती सुट्टी मात्र बंद करू नका, बाहेर जा, फक्त दुसऱ्या बाजूला जा.

टायमर वाजल्यावर परत १ ते ५ गुण द्या आणि लिहा. आठवड्याभराने ही यादी वाचली की कळतं की जवळजवळ सगळ्या ५ च्या दहा मिनिटांत २ झाल्यात, आणि पुढची ५ आली की हे आठवतं.

दारूबद्दल वेगळं सांगायला हवं. पहिले ३-४ आठवडे दारू टाळता आली तर टाळाच. सगळं व्यवस्थित चाललेलं असताना एका संध्याकाळी घसरणाऱ्यांची गोष्ट बहुतेक वेळा ग्लासपासूनच सुरू होते, आणि त्या वेळी गमही आठवत नाही आणि टायमरही.

टप्पा ७: पहिला महिना, काय नॉर्मल आणि काय नाही

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण, मग उतार, आणि तीन-चार आठवड्यांत शारीरिक त्रास बराचसा संपतो. चिडचिड, लक्ष न लागणं, भूक, झोप मोडणं, उदास वाटणं हे सगळं येतं. घरच्यांनी या दिवसांत कोणतेही मोठे वाद काढू नयेत ही खरंच विनंती आहे.

याशिवाय काही गोष्टींनी लोक घाबरतात. खोकला आणि कफ काही दिवस वाढतो, कारण श्वासनलिकेतले बारीक केस परत काम करू लागतात आणि साचलेलं बाहेर ढकलतात. तोंडात बारीक फोड येतात. पोट साफ होत नाही, पाणी आणि फायबर वाढवा. वजन वाढतं, वर्षभरात सरासरी ४-५ किलो, सगळ्यांचं नाही. डाएट मात्र या महिन्यात सुरू करू नका, एका वेळी एक लढाई. दुसऱ्या बाजूला, कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांतच शरीरातून जातो, म्हणजे फरक पहिल्या विकेंडच्या आधीच सुरू झालेला असतो.

तपासा, डोस कमी पडतोय की जास्त होतोय: चिडचिड, बेचैनी, सतत सिगारेटचा विचार, गम संपल्या संपल्या पुढच्याची वाट बघणं, हे कमी पडतंय. मळमळ, चक्कर, घाम, डोकं दुखणं, धडधड, हे जास्त होतंय, लगेच गम थुंका किंवा पॅच काढून ती जागा साध्या पाण्याने धुवा. माझ्या बघण्यात कमी पडणारेच जास्त, म्हणजे त्रास होतोय म्हणून गम बंद करतात, जेव्हा खरं तर दिवसाचे दोन-तीन वाढवायला हवे होते.

सावधान: छातीत दुखणं, ठोके अनियमित होणं यात वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल. उदासी दोन आठवड्यांनीही वाढतच असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर आणि घरचं कोणीतरी, एकट्याने सहन करायची ती गोष्ट नाही.

टप्पा ८: ओढली गेली तर

एक ओढली म्हणजे संपलं असं नसतं, पण "आता एक ओढलीच आहे तर आज राहू दे, सोमवारपासून" हे मात्र संपवतं. उरलेलं पाकीट पाण्याखाली धरा. पॅच तसाच ठेवा, गमचं वेळापत्रक तसंच चालू ठेवा, पुढची सिगारेट नको एवढंच.

इथे लोक घाबरून पॅच फाडून काढतात, पॅच असताना ओढली तर हार्ट अटॅक येतो असं ऐकलेलं असतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये गम-पॅचच्या पाकिटांवरची ही जुनी सूचना बदलायला लावली, कारण एकत्र निकोटिन गेल्याने गंभीर धोका दिसला नव्हता, आणि लोक मात्र घसरल्यावर पॅच काढून पूर्ण सिगारेटवर जात होते. मळमळ होऊ शकते, तेवढं लक्षात ठेवा. (हृदयाचा आजार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांचंच ऐकायचं.)

मग नोंद उघडा आणि त्या सिगारेटच्या आधीचे दोन तास लिहा. शेवटचा गम कधी होता? उपाशी होतात? कोणाबरोबर? बहुतेक वेळा शेवटच्या गमला चार-पाच तास झालेले असतात. त्या वेळेला उद्यापासून अलार्म लावा. आठवड्यात तीन-चारदा असं होत असेल तर डोस बदलायला डॉक्टरांकडे जा.

टप्पा ९: निकोटिन कमी करत नेणं

हे घाईने करायचं नाही. गम नुसता असेल तर साधारण १२ आठवड्यांचं वेळापत्रक असतं: पहिले ६ आठवडे दर १-२ तासांनी, ७ ते ९ आठवडे दर २-४ तासांनी, १० ते १२ आठवडे दर ४-८ तासांनी. पॅच २१ वर सुरू केला असेल तर ६ आठवडे २१, मग २ आठवडे १४, मग २ आठवडे ७. १४ वर सुरू केला असेल तर ६ आठवडे १४ आणि २ आठवडे ७. दोन्ही वापरत असाल तर आधी पॅच उतरवा, गम सगळ्यात शेवटी, कारण अचानक येणाऱ्या तलफेला गमच उपयोगी पडतो.

सगळ्यात मोठी चूक तिसऱ्या आठवड्यात होते. बरं वाटायला लागतं, माणूस म्हणतो आता गरज नाही, आणि सगळं एका दिवसात बंद. बरं वाटतंय ते गम-पॅच चालू आहे म्हणूनही वाटतंय. पूर्ण कोर्स करा. ४ चा गम २ वर आणा, मग दिवसातला सगळ्यात कमी गरजेचा गम काढा, चार-पाच दिवस बघा, मग पुढचा. सकाळचा आणि तुमच्या ५ गुणांच्या वेळेचा गम शेवटपर्यंत राहू द्या. एखादा काढल्यावर सिगारेटचे विचार परत यायला लागले तर तो परत सुरू करा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा काढून बघा.

१२ आठवड्यांनंतरही दिवसाला दोन-तीन गम लागत असतील तर डॉक्टरांशी बोलून चालू ठेवा. गम पूर्ण बंद झाल्यावरही एक स्ट्रिप बॅगेत सहा महिने राहू द्या, एक्सपायरी बघून बदलत जा, कारण भांडण, प्रवास किंवा जुना ग्रुप भेटला की तलफ अशी अचानक येते की तेव्हा दुकान शोधायला गेलात तर दुकानात गमच्या शेजारी काय ठेवलेलं असतं ते तुम्हाला माहीत आहे.